तांबडीच्या खोडी माझ्या नावावर

माझे दोष मला कागदावर मागणारा माणूस जन्मात एकदाच भेटला, आन् त्यानं लय घोळ करून ठेवला. न मागता सांगणारे पुष्कळ भेटले. त्यात माझी बायको पहिली.

गोष्ट निजामाच्या अमदानीतली. पिंगळीच्या ठेसनापासून दीड कोसावर एका जहागीरदाराची कोठी होती आन् कोठीच्या मागं कुत्तेखाना. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं आन् हरणं पिकात घुसायची, त्यांना हाकलायला सात कुत्री पाळली होती. सरकारांना, म्हणजे जहागीरदारांना, सशाच्या शिकारीचाही नाद होता. या सात कुत्र्यांना शिकवायला आमी दोघं. एक मी, आन् एक चाचा.

चाचा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मेंदी लावलेली दाढी, दुखरे गुडघे, तोंडात मोजून सहा दात. स्वभाव इतका गरीब की अंगावर गांधीलमाशी बसली तरी आधी तिला सलाम करतील. माझं उलटं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. माळ्याशी भांडण, आचाऱ्याशी भांडण, शेजाऱ्याच्या बैलाशीसुद्धा एकदा भांडण झालं. कुत्र्यावर मात्र मी कधी हात उचलला न्हाई, आवाजही चढवला न्हाई. माणसांवर चढवून झाल्यावर उरतच नसेल.

आमच्या धंद्याच्या दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. पिल्लू आणलं की पहिला महिना त्याला आपली उष्टी भाकरी घालायची, आपल्याच दातांनी चावलेली, आन् झोपायला आपला घामेजलेला पटका टाकायचा. ज्याचं उष्टं, त्याचं कुत्रं. ही झाली एक. दुसरी अशी की कुत्र्याची खोड ती शिकवणाऱ्याची खोड. कुत्रं कोंबडीमागं धावलं तर आमी "कुत्रं धावलं" म्हणत न्हाई, "मी धावलो" म्हणतो. चाचा सकाळी डोक्याला हात लावून बसलेले दिसायचे. "क्या हुआ चाचा?" विचारलं की म्हणायचे, "अरे बावा, आज मैं फिर आचारी के तीन अंडे खा गया." मी म्हणायचो, जाऊ द्या, मी परवा तुळशीवर पाय वर केला. आमचं बोलणं हे असं. त्यात आमाला काही वावगं वाटायचं न्हाई.

माझ्या हाताखाली तीन कुत्री होती, पण खरी एकच, तांबडी. राणीसावरगावाकडच्या लमाणांच्या तांड्यावरून मी तिला पटक्यात गुंडाळून आणली होती, मुठीएवढी. कारवानी जातीची, पाय लांब, तोंड निमुळतं. ससा वळला की ती त्याच्या आधी वळायची. खोडी होत्याच. नव्या माणसाच्या चपला पळवायची, कोंबडी दिसली की धरायची, आन् आगगाडीची शिट्टी दुरून जरी ऐकली तरी खाटेखाली शिरून थरथरायची. पण मी तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली की जिथं असेल तिथून यायची. लेकरू नव्हतं आमाला. उगीच लाजत न्हाई, ती माझं लेकरूच होती.

तर कोठीवर हैदराबादेहून नवे मुंतजिम साहेब आले. मुंतजिम म्हणजे सगळा कारभार बघणारा. बारीक मिशा, चष्मा, चहा उभ्यानं प्यायचे. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला. कोठीतल्या प्रत्येक नोकरानं एका कागदावर आपल्या खूबियाँ आन् खामियाँ, म्हणजे गुण आन् दोष, स्वतःच लिहून द्यायचे. माहुताला, धोब्याला, सगळ्यांना कागद. आमाला दोघांना मात्र बोलावून वेगळं सांगितलं. सात कुत्र्यांना दोन माणसं कशाला? कागद वाचून एकाला ठेवणार, एकाला निरोप. जो जाईल तो रिकाम्या हातानं जाईल, कारण कुत्री सरकारची.

नोकरी गेली तर कुठंतरी सालगडी झालो असतो, पण तांबडी जाणार.

घरी आलो. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हटलं, "अगं, मुंतजिम साहेबांनी माझे दोष विचारलेत. तुला काही सुचतंय का?"

"कागद एकच दिलाय का?" ती म्हणाली.

मग तिनं जी सुरुवात केली ती नववी भाकरी टोपल्यात पडेपर्यंत. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "आन् गुण?" ती तव्याकडं बघून म्हणाली, "भाकरी करपायलीय, मदी बोलू नका."

तिचं काही कामाला आलं न्हाई. लिहिणंही तवा येत नव्हतं, ते मी पुढं शिकलो. कचेरीतल्या कारकुनापुढं आमी दोघं बसलो आन् त्यानं उर्दूत उतरून घेतलं. आमाला काय ठाऊक की दुनियेत दोष म्हणजे माणसाचे दोष? आमी आमच्या पद्धतीनं सांगत गेलो. खामी: मी कोंबड्या मारतो. नव्या माणसाच्या चपला पळवतो. गाडीची शिट्टी झाली की खाटेखाली जातो. खूबी: नाक तिखट, सशाला वळणावर गाठतो. कारकुनाची लेखणी मधे मधे थांबायची. पण तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कधी कोणाला काही विचारलं नव्हतं, तवाही विचारलं न्हाई. शेवटी मी डोकं चालवलं. गुणांच्या खाली लिहायला लावलं, "माझी तांबडी माझ्याशिवाय कोणाचंही ऐकत न्हाई." हिशेब साधा. मला काढलं तर कुत्री बिनकामाची होईल, मग कसे काढतील? चाचा बिचारे दोषांत सांगून मोकळे झाले, "मेरा कुत्ता किसी का भी सुन लेता." मला त्यांची कीव आली.

चार दिवसांनी कोठीच्या ओसरीवर सगळ्यांसमोर कागद वाचले गेले. मुंतजिम साहेबांनी माझा कागद धरला आन् चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तुम चप्पलें चुराते हो?"

"जी हुजूर. पण नव्या माणसांचीच."

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "गाड़ी की सीटी से डरते हो?"

"लहानपणापासून."

"और पलंग के नीचे घुसते हो?"

"मावलो तर."

मग चाचांची पाळी. "तुम रास्ते चलते लोगों के हाथ चाटते हो?" चाचांनी मान खाली घातली. "हौ हुजूर. अब कम हो गया." माहूत खांबाआड जाऊन हसायला लागला. मला वाटलं याला आज सोडायचा न्हाई.

शेवटची ओळ आली तशी मी छाती काढून उभा राहिलो. साहेबांनी ती दोनदा वाचली. मग तांबडीला आणवलं आन् स्वतः "आ, आ" केलं. ती माझ्याकडं बघत बसून राहिली. खुद्द सरकारांनी हाक मारली. तिनं कान खाजवला.

"ये खूबी है?" साहेब म्हणाले. "कुत्ता सरकार का, और सुनता सिर्फ तुम्हारी? यही तो सबसे बड़ी खामी है." आन् त्यांनी हुकूम दिला. पंधरा दिवसांत ही कुत्री दुसऱ्याच्या शिळेवर आली तर ठेवायची. न्हाई आली तर गोळी.

करायला गेलो गणपती आन् झाला मारुती. आता बघा गंमत. ती चाचांचं ऐकायला लागली, तर मला ठेवायचं काही कारण उरत न्हाई. न्हाई ऐकलं, तर ती मरणार. मी चांगला शिकवणारा असलो तर मी जाणार, वाईट असलो तर ती. बायको म्हणाली, "मग काय करायचं ठरवलं?" मी तिच्यावर खेकसलो. ठरवायचं काय त्यात?

चाचा ऐकेनात. "नक्को रे बावा. बेटी तेरी है. मैं कैकू लेऊं?" मी त्यांच्याशीही भांडलो. त्यांच्या हातात भाकरी कोंबली आन् म्हटलं, चावा. सहा दातांनी ज्वारीची भाकरी चावायला माणसाला किती वेळ लागतो हे मला तवा कळलं. त्यांची जुनी लुंगी तिच्याखाली अंथरली, माझा पटका काढून घेतला. दोन दिवस तिनं त्या उष्ट्याला तोंड लावलं न्हाई. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं बघत बघत खाल्लं. मी पाठ करून बसलो.

माझं काम एकच होतं, तिच्याकडं न बघायचं. ती येऊन गुडघ्याला नाक लावायची, मी खुंटासारखा उभा. शेपूट हलवायची, मी आभाळाकडं बघायचो. एवढा अवघड धडा मी कोणत्याच कुत्र्याला दिला नव्हता आन् स्वतःही शिकलो नव्हतो. बायको म्हणायची, "कुत्रीशी अबोला, आन् माझ्याशी गोड बोलायलात. अंगात ताप न्हाई ना?" आठव्या दिवशी चाचांच्या शिळेला तिनं कान टवकारले. बाराव्या दिवशी ती उठून त्यांच्याकडं गेली. मी कुत्तेखान्याच्या मागं जाऊन रडलो. कोणी बघितलं असतं तर त्याच्याशी भांडण काढलं असतं.

पंधराव्या दिवशी खळ्यावर सगळे जमले. एका टोकाला मी, एका टोकाला चाचा, मधे तांबडी. दोघांनी एकदम शीळ घालायची. आदल्या दिवशी चाचा हळूच म्हणाले होते, "तू झूटी सीटी मार." मी म्हटलं, खोटी शीळ तिला लगेच कळेल, आन् मग ती खरीच्या शोधात माझ्याकडं येईल. म्हणून मी खरी घातली, छाती भरून. तिनं मान वळवली. दोन पावलं माझ्याकडं टाकली. त्या वेळी, देवाशपथ सांगतो, मला वाटलं यावी. मरायची तर मरो, पण यावी. असा मी.

ती थांबली, वळली, आन् जाऊन चाचांच्या पायाशी बसली.

लोक शाब्बास म्हणाले. माझं गाठोडं बायकोनं सकाळीच बांधून ठेवलं होतं. मी निघायच्या बेतानं पटका सारखा केला, तेवढ्यात मुंतजिम साहेब उठले. "जो आदमी कुत्ते को खुद से छुड़ा दे," ते म्हणाले, "उससे बड़ा उस्ताद कौन? ये रहेगा." आन् चाचांकडं बोट करून म्हणाले, "इन्होंने तो सिर्फ रोटी चबाई है."

मला आधी कळलंच न्हाई. कळलं तसा मी पुढं झालो. "हुजूर, मी कोंबड्या मारतो. चपला चोरतो. कागदावर हाय."

साहेब हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं. सुधर जाओगे."

चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले, परभणीला लेकीकडं. कोणाविरुद्ध एक शब्द बोलले न्हाईत. तांबडी साखळीला होती, साखळी माझ्या हातात. ती ओढ घ्यायला लागली, रडायला लागली. मी खाली बसलो. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघितलं आन् शीळ घातली, हळू, तिलाच ऐकू जाईल अशी. तिनं माझ्याकडं बघितलंही न्हाई. ती पिंगळीच्या वाटेकडं बघत होती.

मी साखळी सोडली. मग वेड्यासारखा तिच्या मागं ठेसनापर्यंत चालत गेलो. एकच आशा होती. गाडी येईल, शिट्टी होईल, आन् ती घाबरून उलटी पळत येईल, तवा वाटेत मी असेन. लिंबाच्या झाडाखाली पटका अंथरून बसलो.

गाडी आली. चाचा डब्यात चढले. शिट्टी झाली. तांबडी अंग चोरून फलाटावर आडवी झाली, थरथरली, आन् तशीच थरथरत उठून डब्यात उडी मारून चाचांच्या बाकाखाली शिरली. चाचांनी घाईनं तिच्यावर लुंगी टाकली. त्यांना मी दिसलो की न्हाई, ठाऊक न्हाई.

कोठीवर मी सांगितलं, लांडग्यानं नेली. साहेबांनी मान हलवली.

पुढच्या साली पुन्हा कागद आले. कारकून लेखणी बुडवून म्हणाला, खूबी? मी म्हटलं, मी शिकवलेलं कुत्रं विसरत न्हाई. त्यानं लिहिलं. खामी? मी तेच सांगितलं. उभ्या नोकरीत पहिल्यांदा त्यानं मान वर केली आन् विचारलं, "एकच गोष्ट दोनदा आली, एक खोडू का?"

मी म्हटलं, न्हाई, दोन्हीकडं राहू द्या.