गोणपाट

नशिराबाद फाट्यावरचा पंक्चरवाला फार बोलत नाही. हवा भरल्यावर व्हॉल्व्हला टोपी बसवल्याशिवाय गाडी सोडत नाही. हरवली असेल तर पदरची लावतो.

हायवेवर ट्रकने उडवलेलं कुत्रं त्यानेच दुकानाशी आणून गोणपाटाने झाकलं होतं. ऑपरेशनला पैसे जमवायचे, म्हणून कॉलनीच्या ग्रुपसाठी मी फोटो काढायला गेले. चिरडलेला पाय दिसावा म्हणून गोणपाट बाजूला केलं. मनासारखा फोटो येईपर्यंत काढत राहिले.

"निंघी गया का फोटो, ताई? मंग झाका त्याले. माशा बसतस."

मी मोबाइलमध्येच होते. शेवटी झाकलं त्यानेच.

त्या फोटोवर दोन दिवसांत पैसे जमले. कुत्रं आता त्याच्या दुकानापुढे तीन पायांवर हुंदडतं. हवा भरायला मी मात्र दुसरीकडे जाते.