खांडेनवमीला बंद केलेलं मशीन

लकव्यात माझ्या नवऱ्याची उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. डोकं शाबूत राहिलं. ते बरं झालं असं लोक म्हणायचे. मला तसं वाटलं नाही.

इथे रायपूरला रेल्वेच्या ऑफिसात त्यांनी जन्मभर टायपिंग केलं होतं. घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर पडून होता, एक डबा, एक पडदा आणि कीबोर्ड. मुलाने त्यात जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने अक्षरं बसवून दिली आणि हे डाव्या हाताच्या एका बोटाने लिहू लागले. पाणी. पंखा कमी कर. वरणात मीठ नाही. मी चौथी शिकलेली, अक्षराला अक्षर जोडून मोठ्याने वाचायची. चुकलं की ते मान हलवायचे. दिवसभर पट्ट्यांच्या खुर्चीत त्या पडद्यासमोर बसून असायचे. जीभ होती तेव्हा माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

मोबाइल देऊन पाहिला होता. बोट थरथरायचं, एकदम तीन अक्षरं उमटायची. डाव्या हाताने कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागत नव्हतं. म्हणजे बोलणं काय ते त्या डब्यातूनच.

खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे घरातली सगळी अवजारं पुसून पाटावर मांडतात. विळी, कात्री, शिलाई मशीन, पेचकस. त्यांना हळदीकुंकू, फूल, दिवा. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही. माझ्या सासरी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायचे. कॉम्प्युटरची पूजा दरवर्षी हेच करायचे, बोटाने कुंकू लावून एक फूल ठेवायचे, झालं. त्या वर्षी ते माझ्याकडे आलं.

सकाळी ते टाइप करत होते. मी म्हटलं, "पुरे आता. आज त्याले आराम."

त्यांनी डावा हात वर केला. थांब.

"काहून थांबू? पूजा खोळंबून राहिली. उद्या लिहा काय लिहायचं ते." आणि मी भिंतीवरचा खटका बंद केला. पडद्यावर दोन ओळी होत्या. मी वाचल्या नाहीत. मला वाचायला वेळ लागतो आणि चूल थांबली होती.

मग मी डबा ओल्या फडक्याने पुसला. वरच्या जाळीवर फुलाने पाणी शिंपडलं, मूठभर हळदीकुंकू वाहिलं आणि तिथेच निरांजन ठेवलं. उचलताना तेल सांडलं. शिलाई मशीनचं मी आयुष्यभर हेच करत आले, त्याला कधी काही झालं नाही.

दसऱ्याला सकाळी बटण दाबलं. फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला.

मुलगा शहराबाहेर नवा रायपूरला नोकरीत, राहतोही तिकडेच. मराठी सगळी समजते त्याला, उत्तर हिंदीत देतो. फोनवर म्हणाला, "आई, तूने उसपे पानी डाला?"

"पूजा केली."

"हे भगवान. संडे को आता हूँ."

"भगवानाले मधात आणू नको. लवकर ये."

तो रविवारीच आला. मधले दिवस हे खुर्चीच्या हातावर डावा हात आपटायचे. मी विचारायची, पाणी? चहा? संडास? प्रत्येक वेळी मान नाही म्हणायची. मग ते खुर्चीत बसेनात. बसवलं की घसरून एका कुशीवर व्हायचे. मला वाटलं, रुसले. मशीन नाही तर खुर्ची नको, असं. मी बोललेसुद्धा, "लहान पोट्ट्यासारखं करून राहिले तुम्ही."

रविवारी मुलाला त्यांच्याजवळ बसवलं आणि मी डबा मांडीवर घेऊन ई-रिक्षाने बूढ़ापाऱ्यात दुरुस्तीच्या दुकानात गेले. तो म्हणाला होता, मैं ले जाता हूँ. मी म्हटलं, बिघडवला मी, नेईन मी.

तिथला मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याने झाकण काढलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. आत लाल चिखल होता. पंख्याची पाती कुंकवातेलात चिकटली होती.

"दाई, पूजा की या अभिषेक किया?" इकडे म्हाताऱ्या बाईला दाईच म्हणतात.

"दोनों. चालू होगा क्या, बोल."

"पावर सप्लाई तो गया. पंखा गया. बोर्ड धो के देखता हूँ."

त्याने ब्रशने स्पिरिट लावून ती हिरवी पाटी धुतली, फटीफटीतलं कुंकू काढलं. बोटभर लांबीची एक पट्टी काढून माझ्या हातात दिली, आणि वर खोडरबर. "ये सुनहरे दाँत घिसो. जैसे पेन्सिल मिटाते हैं." मी घासले. चार इयत्तांत खोडरबर तेवढा नीट शिकले होते. पट्टी चमकायला लागली तसं तो म्हणाला, "हव, नौकरी पे रख लूँ क्या?"

जुनं मशीन, जुनं सामान, मिळायला आठवडा लागेल म्हणाला. मुलगा म्हणाला नवीन घेऊ. हे डाव्या बोटाने नवीन काय शिकणार, म्हणून मी नाही म्हटलं. तो आठवडा माझ्या डोक्यावर आहे.

मंगळवारी मला वास आला. त्यांचं खालचं अंग ते स्वतःच पुसायचे, डाव्या हाताने, मला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी मी विचारलं नाही. कुशीवर वळवलं आणि धोतर सोडलं. माकडहाडावर जखम होती, तळहाताएवढी, मधून काळी. डॉक्टरांना बोलावलं. ड्रेसिंग करायला आलेली नर्स म्हणाली, आठ दिवस आधी दाखवलं असतं तर मलमावर भागलं असतं.

पुढच्या सोमवारी मिस्त्री स्वतः डबा घेऊन आला. पलंगाजवळ स्टुलावर मांडला, तारा लावल्या. पंखा नवा, आवाज नव्हता. पडदा उजळला आणि त्यावर एक चौकोन आला.

"दाई, बंद होते समय कुछ लिखा था. मशीन ने बचा के रखा है. खोलूँ?"

"खोल."

दोन ओळी आल्या. मी पलंगाच्या कडेला बसून अक्षर जोडत गेले, सवयीने मोठ्याने. 'बसायच्या जागी जखम झाली. दोन दिवस झाले. तू बघ. डॉक्टरला'. पुढे काही नव्हतं.

मिस्त्रीला मराठी येत नव्हती. त्याने विचारलं, "क्या लिखा है?"

"चाय माँगी थी," मी म्हटलं.

हे कुशीवर पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर ते अडीच महिने जगले. कीबोर्ड मी पाटावर ठेवून त्यांच्या हाताशी लावायची. पाणी लिहायचे, पंखा लिहायचे. मिठाबद्दल परत कधी लिहिलं नाही. रोज सकाळी मी विचारायची, "दुखून राहिलं का?" ते 'ठीक' लिहायचे. मी ते मोठ्याने वाचायची आणि मग चादर उचलून बघायची.