खुणांवर चालणारी मेक्सिकन गाडी

आमच्या शुक्रवार पेठेत मेक्सिकन गाडी लागणार म्हटल्यावर सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मी. शेंगाचटणी सोडून हे कसलं खूळ, असं चारचौघांत बोललो आणि चौथ्या दिवशी लाईनीत उभा राहिलो. कडक भाकरी दुमडून तिच्यात मसालेदार राजमा, कांदा-टोमॅटो आणि वरून चीज घातलं की जे होईल, तो टॅको. आता संध्याकाळी तो पोटात गेल्याशिवाय मला चैन पडत नाही.

गाडी महेश्वरीची. हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यात हा स्वयंपाक शिकलेली ही पोरगी आई वारल्यावर घरी परतली, जुना टेम्पो घेतला आणि वडिलांना सोबत उभं केलं. वडील सिद्धलिंगअप्पा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं माग चालवला आणि त्या खडखडाटानं दोन्ही कान नेले. कानाचं यंत्र आणलं, तेही दोन दिवसांत डब्यात गेलं. त्यानं नुसता गोंगाटच वाढतो, म्हणाले.

मागाच्या शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातानंच बोलतात. अप्पांचे जुने सोबती गाडीवर आले की त्याच खुणा करायचे. दोन बोटं जुळवून फटकन फाकवली की शेडमध्ये धागा तुटला; गाडीवर त्याचा अर्थ चीज नको, कारण चीजचीही तार सुटते. मूठ फिरवली की कांडीवरचं सूत संपलं, म्हणजे आणखी एक द्या. महेश्वरी पाठ करून तव्यापाशी गुंतलेली असली की आम्हीही अप्पांना तशाच खुणा करायला लागलो. कधी शिकलो, कळलंच नाही; मला तर अप्पांच्या सोबत्यांनी शेडमधल्या बाकीच्या खुणाही दाखवल्या. ती मात्र वडिलांच्या कानाशी ओरडायची. लहानपणापासूनची सवय.

गेल्या महिन्यात तिला बेंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. आठवड्यात कळवायचं होतं. ती आम्हाला म्हणाली, नाहीच म्हणणार आहे. मी गेले तर गिऱ्हाईक काय मागतंय ते अप्पांना कोण सांगणार? त्यांना यातलं काही कळू देऊ नका, असंही बजावलं. आता शुक्रवार पेठेला असं बजावून काय उपयोग? मीच त्या संध्याकाळी कागदी रुमालावर लिहून अप्पांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि एवढंच म्हणाले, "तिलाच सांगू दे की. मी न्हाय इचारणार."

उत्तर द्यायच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. अप्पा एकटेच गाडी घेऊन आले. तासाभरात ती डोक्याला ओढणी गुंडाळून धावत आली, काय गोंधळ झाला असेल या काळजीनं. गोंधळ काहीच नव्हता. पंधरा-वीस माणसं, कुणाचा आवाज नाही, नुसती बोटं हलत होती. पेठेतल्या कुंडलिक मास्तरांनी चीज नको म्हटलं, त्यांच्या नातीनं आणखी एक मागितला, अप्पा मान डोलवत वाढत होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या पुढं लाईनीत येऊन उभी राहिली.

तिचा नंबर आला. अप्पांनी भुवई उडवली, काय पाहिजे म्हणून. तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. हात वर केला, तोही खाली घेतला. मग वळून मला म्हणाली, "काका, मी जाऊ का, हे हातानं कसं विचारायचं वो?"

मला फार वाईट वाटलं. पोटच्या पोरीनं हे माझ्यासारख्या शेजाऱ्याकडून शिकावं? पण दाखवलं. पहिल्यांदा तिची खूण चुकली, दुसऱ्यांदा जमली. अप्पांनी उलथनं खाली ठेवलं. तिच्याकडं बोट केलं, हात लांब रस्त्याकडं नेला आणि मग पंजा गाडीच्या फळीवर दाबून धरला. ती परत माझ्याकडं बघायला लागली.

शेडमधून कुणाला बाहेर जायचं असलं की शेजारचा कामगार ही खूण करतो. जा, तुझा माग मी बघतो. एवढंच मी तिला सांगितलं, आणि लाईनीतून बाजूला झालो.