रायफलीच्या माशीवरचं कुंकू

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा अमरावतीत ज्याला त्याला काही ना काही सुचत होतं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. आमच्या यांनी विलायतेतल्या कारखान्यात घडलेली रायफल आणली! भातकुलीच्या शेतात डुकरं हाकायला तोड्याची जुनी बंदूक होती की. पण दसऱ्याला कापूसवाले साहेब मैदानावर निशाणबाजी भरवायचे, अन् यांना तिथं पहिलं यायचं होतं.

"जुनीले काय झालं?" मी विचारलं.

"अवं, ते रोज नवे नखरे करते. हे यंत्रावरची. आज मारली तशीच उद्या मारते."

अचलपूरच्या यांच्या दोस्तानंही त्याच खोक्यातली एक घेतली होती. दोघं ओसरीवर बसून एकीचा घोडा काढून दुसरीला लावायचे. तो नीट बसला की टाळ्या पिटायचे. पन्नाशीचे बापये, अन् लेकरांपेक्षा वाईट!

दोन वर्षं बरी गेली. मग गोळ्या बाजूला जायला लागल्या. "नळी वाकडी आहे. फसवलं कारखान्यानं!" सकाळ-संध्याकाळ तेच. घर नुसतं वैतागलं. त्यात भर बाजारात बोलून बसले, "यंदा नेम चुकला, तं बंदूक हाती धरणार नाही."

दसऱ्याच्या आधी दोस्त आला. त्यानं यांचीच रायफल उचलली अन् बांधावरचं मडकं पहिल्या गोळीत फोडलं. "बंदूक चोख आहे, भाई," एवढंच म्हणाला. हे त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठले.

मला कळायचं ते कळलं. दोष डोळ्यांत होता. कितीक दिवस शेतात मला पाहून विचारायचे, "कोण हाय?" मग जवळ आल्यावर म्हणायचे, "तुह्यं कुंकू दिसलं, म्हून ओळखलं." हातची बंदूक सुटली तर हा माणूस खचून जाईल, हे मला दिसत होतं.

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. कुंकवाचं बोट दस्त्याला लावायचं, अशी आमच्याकडची रीत. मी त्या वर्षी नळीच्या टोकाला, नेम धरायची माशी असते ना, तिला मेण लावलं अन् वर कुंकू चांगलं थापलं. दसऱ्याच्या सकाळी हे कडाडले, "आंधळी झाली काय तू? तिथं काहून लावलं?" पण पूजेचं कुंकू पुसायचं कसं? तणतणतच मैदानावर गेले.

संध्याकाळी आले ते गल्लीच्या तोंडापासून ओरडत. पहिले आले होते! "कारखान्याचा माल, पाह्य! उगाच बोललो त्याले!"  मी देवापाशी जाऊन मनसोक्त रडले.

पुढच्या नवमीला त्यांनी स्वतःच रायफल अन् माझा करंडा माझ्यापुढं आणून ठेवला. "तिथंच लाव," म्हणाले. मग हळूच, "मले समजलं होतं वं. त्याच दिशी." इतकं हसू आलं मला, अन् इतका राग! वर्षभर कारखान्याचं कौतुक ऐकवलं होतं या माणसानं.

त्यानंतर दर नवमीला मीच लावत आले.

हे गेले त्या दिवशी बायांनी माझं कपाळ पुसलं. मी पुसू दिलं. मग एकीचं लक्ष कोपऱ्यातल्या रायफलीकडं गेलं अन् तिनं तेच फडकं माशीला लावलं. मी अशी ओरडले की सगळ्या दचकल्या.

"हात नको लावू तिले! त्याच्याबिगर त्यायले दिसत नाही."