शेंगदाण्याच्या पुडीतला खुनी

चि. ईशान आणि चि. मीरा,

तुमच्या मोबाईलवर फिरत आलेला तो व्हिडिओ खरा आहे. पार्किंगजवळ एका परक्या माणसाच्या हातातून शेंगदाण्याची पुडी ओढणारी ती पांढऱ्या केसांची बाई मीच. "आजीला बरं नाही का?" असं तुम्ही आईला विचारलंत म्हणे. आजी ठणठणीत आहे. पण आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगत आले की अर्धवट माहितीवर मत बनवू नये, म्हणून पूर्ण माहिती लिहून पाठवते. त्या व्हिडिओखाली कुणीतरी 'भुकेली आजी' असं लिहिलं आहे, ते साफ चूक आहे. मी जेवून गेले होते.

सुरुवात झाली नेवाशाच्या स्टँडवर, जुन्या पुस्तकांच्या हातगाडीपाशी. मी शब्दकोश बघत होते. बरोबर तुमची कमलआजी होती, म्हणजे माझी धाकटी जाऊ, जी तुमच्या बॅगेत दरवेळी ठरलेल्या वजनापेक्षा जास्त शेंगदाण्याची चटणी कोंबते. तिने ढिगातून एक जाडजूड कादंबरी उपसली. तिला कव्हर नव्हतं, सुरुवातीची पानं नव्हती. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

"हे घ्या आक्का," कमल म्हणाली. "जाड हाय. लई दिवस पुरंल."

गोष्ट अशी होती. डोंगरावर एक बंगला. तिथल्या श्रीमंत आत्याबाई आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेल्या सापडतात. संशय तिघांवर: घरचा डॉक्टर, भाचा आणि लंगडा आचारी. पुढे दर अमावास्येला त्या कुलूपबंद खोलीचं दार आतून वाजायला लागतं.

वाचणाऱ्या आम्ही चौघी आणि पुस्तक एक. कमल, मी, निवृत्त नर्स सुमनताई आणि शेजारची शकुंतला, जिची देवळाच्या पार्किंगजवळ शेंगदाण्या-फुटाण्याची गाडी आहे. कुणालाच थांबवत नव्हतं. तेव्हा मी एक शिस्तशीर तोडगा काढला. ब्लेडने पुस्तकाचे चार भाग केले, दाभणाने शिवले आणि प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. भाग क्रमानेच वाचायचे, वाचून झाले की आमच्या दाराजवळच्या फळीवर आणून ठेवायचे, आणि दर गुरुवारी दुपारी ओसरीवर बसून मतं मांडायची. (दार म्हणजे नुसती चौकट. तुम्ही लहानपणी या चौकटीला झोका बांधायचा हट्ट धरला होता, आठवतं का? शनिशिंगणापुरात घराला दार नसतं, हे तुम्ही वर्गात सांगितलंत तेव्हा बाईंनी तुम्हाला खोटारडं ठरवलं होतं.)

आता दार नसलेल्या गावात कडी लावलेल्या खोलीची रहस्यकथा वाचायची म्हणजे काय होतं बघा.

"आतून कडी लावली हुती ना तिनं?" शकुंतलेने पहिल्याच गुरुवारी निकाल दिला. "मग तिचंच चुकलं. दारच नसतं तर?"

"दार नसतं तर कादंबरी पहिल्या पानावर संपली असती," मी म्हणाले.

"संपू द्या की. बाई तर वाचली असती."

सुमनताईंचा रोख डॉक्टरवर होता. "हात न धुता नाडी बघतो हो तो. तिसऱ्या प्रकरणात दोनदा. असा माणूस काहीही करू शकतो."

कमल मात्र सरळ भुताच्या बाजूची. "मेली तरी दार वाजवून इचारती बिचारी. तेवढी रीत जित्त्या मानसांना न्हाई."

तुमचे आजोबा सभासद नाहीत. ते गुरुवारी दुपारी पडद्यामागे वर्तमानपत्र उघडून बसतात. पान मात्र एकदाही उलटत नाहीत.

असे तीन भाग झाले. चौथा सुरू व्हायचा, तेवढ्यात पाण्याची बादली उचलताना कमलला धाप लागली, ती थांबेचना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल, आणि लवकर. कमलने नकार दिला. मुलं विनवून थकली, मी रागावून थकले, सुमनताईंनी हृदयाचं चित्र काढून दाखवलं. (ते चित्र वांग्यासारखं दिसत होतं, हेही एक कारण असेल.)

"जे व्हायचं ते हितंच हू द्या," एवढंच ती म्हणायची. मग गप्प बसायची. कमल गप्प बसली की आमच्या घराला पहिल्यांदा दार लागल्यासारखं वाटायचं.

गुरुवारी ती आली, पण टेकून बसली. मग म्हणाली, "ती आत्याबाई परत का येती वो, सुमनताई?"

"काहीतरी इच्छा राहिली असेल. जीव अडकला असेल कशाततरी."

"म्हंजी जीव अडकला की मानूस परत येतंय?"

"गोष्टीत तरी येतं."

 कमल चौथ्या भागाकडे बोट करून म्हणाली, "मग ह्यो कुनी वाचायचा न्हाई. मी माझा जीव ह्याच्यात अडकवून जाते. ती मरून परत आली, मी जित्ती येते. आल्यावर खुनी कोन ते मला पयल्यांदा कळलं पायजे. तुमी आधी वाचलं आक्का, तर बघा."

आम्ही तिघींनी शपथ घेतली. पडद्यामागूनही कुणीतरी "घेतली" म्हणालं. दुसऱ्या दिवशी कमल नगरला दाखल झाली.

चौथ्या भागाची जबाबदारी माझ्यावर आली. कुणाला मोह होऊ नये म्हणून मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीने बांधला, तीन गाठी मारल्या आणि दाराजवळच्या फळीवर ठेवला, कारण आमच्या गावात सगळ्यांना दिसेल तीच जागा सर्वांत सुरक्षित. त्याच फळीवर मी शकुंतलेसाठी रद्दी ठेवते. तीही वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, तीन गाठी मारून. मुलांनो, नीटनेटकेपणाचा अतिरेक म्हणतात तो हा. शकुंतला सकाळी येते, रद्दी उचलते, गाडीवर जाते. हाक मारायची गरज नसते. दारच नाही, तर वाजवणार काय?

आमच्या गावात चोरी होत नाही असं सगळं जग मानतं. याचा एक तोटा जगाला माहीत नाही. वस्तू हरवली की चोरावर ढकलता येत नाही; घरातल्याच कुणालातरी मूर्ख ठरावं लागतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. शनिवारी दुपारी कमलच्या मुलाचा फोन आला. "काकू, आईची श्वासाची नळी काढली. पहिलं काय बोलली माहितीये? आक्कांना इचार, शेवट ठेवलाय का."

माझे डोळे भरून आले. "तिला सांग, माझ्या डोळ्यांसमोर आहे," असं म्हणून मी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

तेवढ्यात आजोबा शेंगदाणे खात आत आले. "अगं," ते म्हणाले, "हा डॉक्टर जिन्याखाली लपून काय करतोय?"

"कुठला डॉक्टर?"

"पुडीतला."

मी चप्पल एका पायात घालून धावले. शकुंतला कढईत शेंगदाणे परतत होती. तिचं एक कौशल्य आहे: तोंडाने गावाच्या बातम्या देताना तिची बोटं न बघता पुड्या वळतात.

"आज कागद लई ब्येस दिला आक्का," ती म्हणाली. "जाड. तेल पीत न्हाई."

"शकुंतले, तो शेवट होता."

झारा हवेत थांबला. "कमलचा?"

"कमलचा. किती पुड्या गेल्या?"

तिने समोरच्या गर्दीकडे पाहिलं. "शनिवार हाय आज," ती म्हणाली.

सुमनताईंना बोलावलं. त्या गावच्या स्टँडकडे गेल्या, शकुंतला गाडी तशीच सोडून देवळाच्या वाटेला लागली, मी पार्किंग घेतलं. मी पद्धतशीर काम करते. एका जागी उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना शांतपणे सांगू लागले, "शेंगदाणे खाऊन झाल्यावर पुडी टाकू नये. इथे द्यावी."

दोघांनी दिल्या. तिसऱ्याने देताना हात जोडले. मग त्याच्यामागे एक कुटुंब उभं राहिलं, त्यांच्यामागे अजून एक. बघता बघता रांग लागली. दर्शनानंतर पुडी म्हाताऱ्या बाईंच्या हातात द्यायची असते, असं रांगेत एकमेकांना सांगणं सुरू झालं. एका बाईंनी माझ्या पायावर तेल घातलं.

"किती द्यायच्या असत्यात आजी? एक का पाच?"

"असतील तेवढ्या."

विचारणारी बाई मुलांना घेऊन परत शकुंतलेच्या गाडीकडे गेली, आणखी शेंगदाणे घ्यायला. गाडीवर कुणी नव्हतं. (पैसे मात्र सगळे कढईशेजारी ठेवून गेले. शेवटी गाव आमचं आहे.)

ओंजळी भरभरून पुड्या जमल्या. उघडून बघितल्या तर बहुतेक वर्तमानपत्राच्या: कांद्याचे भाव, वधू पाहिजे, भावपूर्ण श्रद्धांजली. कादंबरीचं पान एकच. त्यावर पात्रं फक्त जेवत होती.

आणि मग मला तो दिसला. टेम्पोला टेकून उभा, पुडी पूर्ण उलगडलेली, शेंगदाणे खिशात, डोळे पानावर. मी जाऊन पान धरलं. त्याने सोडलं नाही. व्हिडिओ इथून सुरू होतो.

"थांबा ओ आजी, वाचू द्या."

"ते पान माझं आहे."

"शेंगदाने माझे हायती."

"शेंगदाणे ठेवा. पान द्या."

"देतो. पन आधी एक सांगा. ह्यो आचारी खरंच लंगडतोय का सोंग करतोय?"

इथे माझा तोल गेला. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"सोंग. हितं बघा ना, जिना चढताना डावा पाय, उतरताना उजवा."

हे आमच्या चौघींच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याला आधीचे तीनही भाग तिथेच, उभ्या उभ्या सांगितले. रांग माझ्यामागे येऊन ऐकू लागली. मतं पडायला लागली. एकजण म्हणाला भाचा, दुसरा म्हणाला इस्टेट कुणाच्या नावावर आहे ते बघा. टेम्पोवाला मिरजगावचा होता. जाताना त्याने पान दिलं, माझा नंबर घेतला आणि म्हणाला, "खुनी घावला की फोन करा. आता मला झोप न्हाई यायची."

एकूण तीन पानं हाती लागली: डॉक्टर जिन्याखाली, आचारी जिन्यावर आणि ते जेवण. शेवटचं पान कुणाच्या गाडीतून कुठल्या जिल्ह्यात गेलं, देव जाणे.

कमल घरी यायच्या आधी आम्ही तिघींनी ठरवलं की आपणच एक शेवट रचायचा आणि तिला वाचला म्हणून सांगायचा. नुकतं काळीज शिवलेल्या बाईला धक्का नको. पण खुनी कोण यावर एकमत होईना. सुमनताई डॉक्टरला सोडेनात. मी भाच्यावर ठाम. शकुंतला म्हणे, कुणी मारलंच नाही, दार अडकलं आणि बाई घाबरून मेली. शेवटी मतदान घेतलं. तिघांना एकेक मत पडलं, तिसरं म्हणजे दाराला.

कमल आली. निम्मी झाली होती. छातीशी उशी धरून ओसरीवर बसली आणि हात पुढे केला. "आना."

मी घसा साफ केला. पडद्यामागून आवाज आला, "खरं सांगून टाक. तुला खोटं बोलायचं तरी आधी मुद्दे काढावे लागतात."

मी खरं सांगितलं. फळी, सुतळी, रांग, पायावरचं तेल, सगळं. सांगून खाली बघत बसले.  मग कमलचे खांदे हलायला लागले. सुमनताईंनी झेप घालून नाडी धरली.

"सोडा वो," कमल उशी आवळत म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हसवू नका आक्का, टाकं दुखत्यात."

हसून झाल्यावर तिने ती तीन पानं मांडीवर घेतली, वास घेतला. "म्हंजी शेवट आता मिळायचाच न्हाई?"

"नाही गं."

"मंग माझा जीव अजून अडकलेलाच हाय की." पानं जुळवत ती म्हणाली, "ब्येस झालं. आता मला कुटंच जाता येत न्हाई."

तेव्हा ईशान, गोष्टीच्या वर्णनावरून पुस्तक इंटरनेटवर शोधून काढावं असं आता तुला वाटेल, ते कृपा करून करू नकोस. मिळालंच तर तुझ्यापाशी ठेव. कमलने तुम्हाला दोघांना ताकीद द्यायला सांगितली आहे.

गुरुवार अजून भरतो. मिरजगावचा टेम्पोवाला फोनवरून हजर असतो आणि आचाऱ्यावरून हटत नाही. पहिले तीन भाग आहेत, तीन खारट पानं आहेत, कमल आहे आणि आता अर्धी बादली उचलते. खुनी अजून मोकळा आहे. त्याला कागदात गुंडाळून, तीन गाठी मारून गावाबाहेर पोहोचवणारी तुमची शिस्तप्रिय आजीही आहे.