परिशिष्ट दोन

पट्टीराव कारखान्यात कामाला लागला, त्या पहिल्या सकाळी फाटकाशेजारच्या खिडकीत त्याला फक्त एक चष्मा दिसला. चष्म्यामागे माणूस असावा, हा नुसता अंदाज. आत भिंतीवर घड्याळ होतं आणि चष्मा त्याच्याकडे अशा नजरेने बघत होता, की काटा घाबरून जागच्या जागी थरथरत होता. सूर्यसुद्धा आधी या खिडकीत नोंद करायचा आणि मगच उगवायचा, असं पट्टीराव पुढे एकोणीस वर्षं शपथेवर सांगायचा.

"सात वाजून चाळीस सेकंद," चष्मा म्हणाला.

"पहिलाच दिवस आहे साहेब. रस्ता चुकलो."

"रस्ता सरळ आहे. त्यात चुकतोस, मग आत एवढ्या खोक्यांत हरवलास तर तुला शोधायला वेगळा माणूस ठेवायचा का?"

पट्टीरावने मान खाली घातली. चष्म्याने वहीत लिहिलं: सात. चाळीस सेकंद त्याने गुपचूप गिळून टाकले. पट्टीरावने ते पाहिलं, आणि या खिडकीशी आपलं जमणार हे त्याला त्याच क्षणी कळलं.

खिडकीतल्या माणसाला सगळे टाइममास्तर म्हणत. अकराशे माणसांचं येणं-जाणं त्याच्या वहीत होतं. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची सासू आली आहे, हे तो आत येण्याच्या वेळेवरून सांगायचा. पट्टीराव पॅकिंगमध्ये खोक्यांना चिकटपट्टी मारायचा, म्हणून पट्टीराव. दोघं रोज दुपारी एकाच बाकावर डबा खायचे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी टाइममास्तरच्या डोक्यात मनुष्यबळ व्यवस्थापन शिरलं. एचआरच्या खोलीतला सहायक तीन वर्षांनी निवृत्त होणार होता. त्या खुर्चीला उशी होती, बाजूला पंखा होता आणि मुख्य म्हणजे घड्याळाकडे पाठ होती. पण त्या विषयाची पदवी असल्याशिवाय अर्जसुद्धा घेत नव्हते. बावीस वर्षं माणसं मोजणाऱ्याला माणसांची पदवी नाही, ही गोष्ट मास्तरला लागली. त्याने दूरशिक्षणाचा फॉर्म भरला.

टपालाने पुस्तकं आली. दर रविवारी एका प्राथमिक शाळेत संपर्क वर्ग भरायचा. तिथले बाक एवढे बुटके, की मास्तर गुडघ्यांवर हनुवटी टेकवून नेतृत्वाचे प्रकार शिकायचा. डबा खाताना पट्टीराव पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचा.

"प्रेरणा म्हणजे काय?"

"माणसाला आतून काम करावंसं वाटणं."

"मग पगार कशाला देतात?"

"तो आठवा धडा आहे. मध्ये बोलू नकोस."

मास्तरची बायको पट्टीरावपाशी गाऱ्हाणं मांडायची. "भावजी, आमच्या घरात मनुष्यबळ दोन. त्यातलं एक पुस्तक पोटावर ठेवून झोपतं. सगळं व्यवस्थापन करते मी, आणि पदवी यांना!"

"वहिनी, पदवी भिंतीवर लागेल. तिची धूळ पुसायचं काम तुमच्याकडेच येणार आहे."

शेवटच्या वर्षाला प्रकल्प अहवाल होता. आपण काम करतो तिथल्या एका विभागाला किती माणसं लागतात, ते प्रत्यक्ष मोजून लिहायचं. मास्तरने पॅकिंग निवडलं, कारण तिथे पट्टीराव होता. ओळखीच्या खेळाच्या शिक्षकाकडून त्याने स्टॉपवॉच आणलं आणि सोमवारी तो पॅकिंगमध्ये येऊन उभा राहिला.

तो यायच्या आधीच पट्टीरावने सगळ्यांना गोळा केलं होतं. "मास्तरची परीक्षा आहे. एकेकाचे चाळीस सेकंद त्याने गिळले आहेत. आज त्याची अब्रू आपल्या हातात आहे, काय?"

मग तीन दिवस पॅकिंगमध्ये जे झालं, ते ना त्याआधी कधी झालं, ना नंतर. त्यांच्यातला जाड्या एरवी खोकं उचलायच्या आधी त्याच्याशी थोडा वेळ बोलत बसायचा. तो चक्क बूट बदलून आला आणि खोक्यांवर तुटून पडला. लोकांनी चहा सोडला. पट्ट्यांचा असा आवाज होता, की शेजारच्या विभागाला वाटलं छप्पर फाटतंय. पट्टीराव स्वतः मात्र टेबलावर कमी आणि मास्तरशेजारी जास्त होता. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताने इशारे, तोंडाने सतत "अरे उचल! जाड्या, मागचा पुढे गेला!"

"रोज एवढं होत नाही रे," मास्तर तिसऱ्या दिवशी कुरकुरला.

"तू रोज बघायला येतोस का?"

मास्तरने आकडे बेरजेला घेतले. "तुझीच खोकी सगळ्यांत कमी भरताहेत."

"लिही ना. कोणीतरी शेवटचा असायलाच हवा, नाहीतर तक्ता खरा वाटायचा नाही."

अहवाल सुरेख झाला. निष्कर्षात मास्तरने लिहिलं की हे काम बावीसऐवजी चौदा माणसांत होऊ शकतं. पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात असंच उत्तर येत होतं, त्यामुळे आपलं गणित बरोबर आलं म्हणून तो खूश झाला. माणसांची नावं देऊ नयेत, अक्षरं द्यावीत, असंही पुस्तकात होतं. त्याने अक्षरं दिली. पण पंचवीस वर्षं वही लिहिलेल्या माणसाला नावाशिवायची ओळ सहन होईना. म्हणून शेवटी परिशिष्ट दोन जोडलं: कोणतं अक्षर म्हणजे कोण, वय किती, कामाला कधी लागला.

अहवाल खरा असल्याबद्दल एचआरच्या साहेबांची सही लागत होती. साहेबांनी तो चार दिवस ठेवून घेतला.

"वाचला!" मास्तरने डबा उघडायच्या आधीच सांगितलं. "परिशिष्टासकट वाचला. 'छान आहे' म्हणाले." हे दोन शब्द त्याने त्या दुपारी साहेबांच्या आवाजात अकरा वेळा म्हणून दाखवले. खुर्ची आता अर्ज करण्यापुरतीच लांब उरली होती.

दीड महिन्याने नोटीस लागली. पॅकिंगमध्ये आठ माणसं जास्त आहेत, ती महिनाअखेर कमी होतील. नोटिशीत अक्षरं नव्हती. पूर्ण नावं होती, वडिलांच्या नावासकट, आणि क्रम तक्त्यातलाच होता. सगळ्यांत खाली पट्टीराव. वय बावन्न. जाड्याचं नाव यादीत नव्हतं. तो नोटिशीसमोर बराच वेळ उभा राहिला, मग पट्टीरावकडे न बघता टेबलावर गेला आणि खोकी भरायला लागला. त्या दिवसापासून तो खोक्यांशी बोलला नाही.

मास्तर साहेबांकडे गेला. परत येऊन तो पट्टीरावच्या टेबलाशी उभा राहिला. कामाच्या वेळेत खिडकी सोडण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"मी सांगितलं त्यांना. म्हटलं, ही माणसं रोज अशी पळत नाहीत, माझ्यासाठी पळाली."

"मग?"

"म्हणाले, म्हणजे पळू शकतात."

पट्टीरावने खोक्याचे कान दुमडले.

"म्हणाले, आकडे चुकीचे असतील तर तसं लिहून द्या. यादी थांबवतो. पण मग अहवालावरची सही मागे घेतो, विद्यापीठालाही कळवतो." मास्तरने चष्मा काढून पुसला. एकोणीस वर्षांत पट्टीरावने त्याचे डोळे चष्म्याशिवाय पाहिलेच नव्हते. लहान होते. "उद्या दुपारी दोनपर्यंत सांगायचंय. तू सांग, काय करू?"

पट्टीरावला म्हणायचं होतं, लिहून दे. बावन्नाव्या वर्षी मला दुसऱ्या कोणत्या फाटकात घेणार आहेत? शब्द ओठांवर आले होते. पण खोटे आकडे घडवले होते कोणी? ओरडून ओरडून त्याने स्वतःच.

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

"रागावलास?"

"पट्टी सुकतेय. बाजूला हो."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बाकावर पट्टीराव एकटाच होता. पुस्तक नव्हतं, प्रश्न नव्हते. एक वाजून गेला, दीड झाला. एचआरच्या खोलीकडे कोणी जाताना दिसलं नाही. खिडकीत चष्मा होता, वहीवर वाकलेला. दोन वाजता पट्टीराव उठला आणि डबा धुवायला गेला.

महिनाअखेरीला तीनची पाळी सुटली, तेव्हा त्याने खिडकीत आपलं ओळखपत्र ठेवलं. मास्तरने ते उलटसुलट करून पाहिलं, जणू कुठेतरी चूक सापडेल.

"घरी ये एकदा. ती आठवण काढते तुझी."

"वहिनींना सांग, बरा आहे म्हणून."

"वेळ काय लिहू?"

"जी झाली ती."

मागे रांग होती. मास्तरने लिहिलं: तीन वाजून चार.

टाइममास्तर दुसऱ्या वर्गात पास झाला. प्रकल्पाला शंभरपैकी एकसष्ट गुण मिळाले. सहायकाच्या खुर्चीवर बाहेरून एक माणूस घेतला, आणि पुढच्या वर्षी फाटकावर अंगठ्याचं मशीन बसवून खिडकी विटांनी बंद केली.