वेळ भरली नव्हती : विमलताई दांडगे यांच्या साठीनिमित्त

विमलताई दांडगे यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात. विद्यापीठात शिकवण्याचा त्यांचा तो पहिलाच आठवडा होता. पडद्यावरच्या स्लाइड त्या खालच्या आवाजात वाचत होत्या आणि मागच्या बाकांवर हसणे चालले होते. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले.

"नसीमा ना तू? माझं कुठं चुकतंय, सांग बरं."

मी भीतभीत म्हटले, "मॅडम, तुम्ही वाचता. सांगत नाही."

"सांगायला लागले तर ऐकवंल का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले. फर्दापूरच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत, एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रावर त्या अनेक वर्षे परिचारिका होत्या. त्यांचे सासरही तेच. घरोघर लसी, गरोदर बायांची तपासणी, अडल्या वेळी बाळंतपण. तिथे सुनीता नावाची बाळंतीण त्यांच्या हातात गेली. बाळ सुखरूप झाले, पण रक्त थांबेना. करता येण्यासारखे सगळे ताईंनी केले. दवाखान्यात न्यायला बोलावलेली गाडी आली तेव्हा सुनीता राहिली नव्हती. पुढे काही दिवसांनी ताई शिव्या खाण्याच्या तयारीने तिच्या घरी गेल्या. सासूने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "तुमी तरी काय करणार, बाई? तिची वेळ भरली व्हती."

"तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिथंच राहिले असते," ताई आम्हाला म्हणाल्या. "वेळ भरली नव्हती. गाडी लवकर आली असती, जोडीला आणखी शिकलेली माणसं असती, तर ती वाचली असती. मी एकटी किती घरांना पुरणार?"

म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. यजमान गावी शेती पाहत राहिले. ताईंनी शहरात, गारखेड्याला, खोली घेतली, पदव्युत्तर शिक्षण पुरे केले आणि आमच्या विभागात रुजू झाल्या.

त्या दिवसानंतर स्लाइड मागे पडल्या. एकदा त्यांनी जुनी साडी आणून तिच्यावर लाल रंगाचे पाणी ओतले आणि रक्त किती गेले असेल, असे विचारले. आम्ही सगळ्यांनीच कमी सांगितले. "डोळ्याला कमीच दिसतं," त्या म्हणाल्या. "डोळ्यावर भरवसा ठेवला की बाई जाते."

माझे अब्बा त्याच वर्षी वारले. अम्मीने माझे शिक्षण थांबवायचे मनात घेतले होते. ताई रिक्षाने आमच्या घरी आल्या, अम्मीजवळ बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. निघताना म्हणाल्या, "अम्मी, अभी कुछ तय मत करो. चालीसवां होने दो. तब तक ये कॉलेज आएगी, मैं खुद लेने आऊंगी." आणि खरोखरच रोज सकाळी त्या रिक्षा घेऊन दारात उभ्या राहिल्या. अब्बांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, पण शिक्षण थांबवायचा विषय अम्मीने पुन्हा काढला नाही.

गावातली ताईंची जागा मात्र बराच काळ रिकामीच राहिली. आम्ही शेवटच्या वर्षाला असताना भर तासाला यजमानांचा फोन आला. उपकेंद्राला कुलूप होते, आणि लहानपणी जिला ताईंनी लस टोचली होती अशी एक मुलगी बाळंतपणात गेली होती. ताईंनी तास पुरा केला. मग खडू ठेवला आणि विचारले, "मी तिथं असते तर?"

गौरवग्रंथात असे लिहू नये, असे काहींना वाटेल. पण हा प्रश्न ताईंनी इतकी वर्षे एकटीने वाहिला आहे. तो वगळून त्यांच्याविषयी लिहिणे खोटे होईल.

आमच्यापैकी बहुतेक जणी मोठ्या दवाखान्यांत गेल्या, काही परदेशी. ताईंनी कुणाला बोल लावला नाही. त्यांचा चेहरा तेवढा उतरायचा. मी खेड्यावरची नोकरी धरली. तिथे एका बाळंतिणीचे गेलेले रक्त मला थोडेच वाटले, पण वर्गातली साडी आठवली आणि मी तिला लगेच पुढे तालुक्याला हलवले. ती वाचली. मी ताईंना फोन केला. त्यांनी विचारले, "नाव काय तिचं?" मी नाव सांगितले. "बरं झालं," एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या रडत असाव्यात.

यंदा ताई साठ वर्षांच्या झाल्या आणि निवृत्तही होत आहेत. यजमान मागच्या हिवाळ्यात गेले. गुडघे साथ देत नाहीत, तरी त्या गावच्या घरी एकट्या राहायला निघाल्या आहेत. इथेच राहा, असा आम्ही आग्रह केला तर म्हणाल्या, "इथं शिकवून झालं. आता मला तिथंच राहू द्या."

ताई, तुम्हाला चांगले आरोग्य लाभो. रात्री शांत झोप लागो. तुमच्या घरी बाया-माणसांचा राबता राहो. तुम्ही शंभरी गाठावी असे म्हटले की तुम्ही म्हणता, "एवढं नको गं, नसीमा." तरी आम्ही तेच मागतो. तुमच्यासाठी नाही, तर आमच्यासाठी.